पोटातला दिवा

उन्हाळ्यात चारा संपला की जंगलाकाठची गुरं नको त्या झुडपाला तोंड लावतात. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरच्या बाजूला जा, नाहीतर उमरखेडकडून पैनगंगेच्या जंगलात उतरा, घाणेरी भेटल्याशिवाय राहत नाही. कुणी तिला टणटणी म्हणतं, कुणी रायमुनिया. फुलं देखणी, पानं खरखरीत, वास उग्र. एरवी जनावर तिच्या वाटेला जात नाही, पण पोट रिकामं असलं की जातं. समजा, एखादी बांडी गाय, अंगावर काळी-पांढरी ठिगळं असलेली, रोज थोडी थोडी घाणेरी खाऊन येते. काही दिवसांत ती चारा सोडते, डोळे पिवळे दिसू लागतात, आणि उन्हात सोडलं की धडपडत सावली गाठते. मग कातडी सोलायला लागते. पण कुठली कातडी? फक्त पांढरी. काळ्या ठिगळाची हद्द जिथे सुरू होते तिथे जखम थांबते, जणू कुणी खडूने रेघ मारून ठेवली आहे.

ही रेघ नीट समजली की हे प्रकरण अर्धं समजलं.

गाय गवत खाते. गवतातल्या हिरव्या रंगाचे, म्हणजे क्लोरोफिलचे, तिच्या रवंथाच्या कोठीतले जंतू तुकडे करतात. त्यातला एक तुकडा फायलोएरिथ्रिन नावाचा. निरोगी गाईत तो पित्ताबरोबर वाहून शेणावाटे बाहेर पडतो, कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. घाणेरीचं विष यकृतावर बसतं, पित्त तुंबतं आणि हा रंग रक्तातून कातडीत जाऊन बसतो. तिथेही तो निरुपद्रवीच असतो, जोवर ऊन पडत नाही. ऊन पडलं की हा रंग ते शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. चवताळलेला ऑक्सिजन हाताशी लागेल त्या पेशीला जाळतो. काळ्या कातडीत मेलॅनिन असतं, ते ऊन वरच्या वर अडवतं, म्हणून काळं ठिगळ वाचतं. अशा जनावराला सगळ्यात आधी सावलीत बांधतात, ते याचसाठी.

रंग, ऊन आणि ऑक्सिजन. तिघं एकत्र आले तर पेशी मरते, एकही कमी पडला तर काही होत नाही. हाच अपघात माणसाच्या शरीरात मुद्दाम, मापून, फक्त गाठीच्या जागी घडवायचा, एवढीच पोटाच्या कर्करोगावरच्या प्रकाश-उपचाराची कल्पना आहे. डॉक्टरांच्या भाषेत फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी.

या कल्पनेचा शोध एका विद्यार्थ्याच्या वैतागातून लागला. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी ॲक्रिडिन या रंगाचा पॅरामीशियमवर काय परिणाम होतो ते पाहत होता. पॅरामीशियम म्हणजे डबक्याच्या पाण्यात सापडणारा एकपेशीय जीव. तोच रंग, तेवढंच प्रमाण, तरी एके दिवशी जीव झटपट मरत आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ तग धरत. कुठलाही विद्यार्थी अशा वेळी स्वतःच्या हातालाच दोष देतो. राबच्या ध्यानात आलं की एका प्रयोगाच्या वेळी वादळ होतं आणि उजेड नेहमीसारखा नव्हता. त्याने उजेड आणि अंधार अशी तुलना केली आणि १९०० साली निष्कर्ष छापला: रंग एकटा मारत नाही, उजेड एकटा मारत नाही, दोघं मिळून मारतात. टापायनर यांनी लगेच १९०३ साली कातडीच्या कर्करोगावर इओसिन लावून उजेड पाडून पाहिला. ऑक्सिजन हा तिसरा भिडू आहे हेही त्यांनीच दाखवलं आणि ‘फोटोडायनॅमिक’ हे नावही त्यांचंच.

त्याच वर्षी नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला कातडीच्या क्षयावर उजेडाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं, त्यामुळे युरोपात तेव्हा उजेडाचे दिवस चांगले होते. (आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कोडावर बावचीचं बी लावून उन्हात बसवत आले आहेत. बावचीतलं सोरालेन उजेडाने जागं होतं हे खरं, पण ते ऑक्सिजनच्या वाटेने जात नाही, थेट पेशीच्या डीएनएला चिकटतं. भाऊबंदकी आहे, घर वेगळं.)

मग आला फ्रीडरिश मायर-बेट्स. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी या जर्मन डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. रक्ताच्या लाल रंगापासून बनणारा हा पदार्थ गाईच्या फायलोएरिथ्रिनचा चुलतभाऊ. टोचून घेतल्यावर डॉक्टर उन्हात गेले. चेहरा आणि हात इतके सुजले की त्यांचा त्या वेळचा फोटो पाहिला तर माणूस ओळखू येत नाही. ऊन त्यांना सोसेना ते दोन महिन्यांहून अधिक काळ. घाणेरी न खाता त्यांनी गाईचं दुखणं भोगलं. औषधाचा मोठा दोष त्या दिवशीच कळला होता. त्याचा उपयोग कळायला आणखी साठ वर्षं गेली.

तो उपयोग अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत टॉमस डोअर्टी यांनी पक्का केला. हा माणूस मुळात रसायनशास्त्रज्ञ. पेशी जिवंत आहेत की मेल्या हे पाहण्यासाठी ते त्यांना एक चमकणारा रंग देत आणि उजेडात ठेवलेल्या पेशी मरताना पाहून चिडत. मग चिडणं सोडून त्यांनी त्याचाच अभ्यास सुरू केला. १९७८ साली त्यांनी २५ रुग्णांच्या कातडीतल्या आणि कातडीखालच्या ११३ गाठींवरचा अनुभव छापला. त्यांतल्या १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरघळल्या. पुढे याच औषधाला शुद्ध करून पॉर्फिमर सोडियम, बाजारातलं नाव फोटोफ्रिन, तयार झालं. १९९३ साली कॅनडाने ते मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्य केलं, १९९५ साली अमेरिकेने अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी. या दोन्हींच्या मधल्या वर्षी, १९९४ साली, जपानने दिलेल्या मान्यतेत पोटाचं, म्हणजे जठराचं नाव होतं. पण त्यालाही एक अट होती: कर्करोग वरवरचा असला पाहिजे.

ही अट का, हे रात्री वीज गेल्यावर घरच्या घरी कळतं. टॉर्च तळहाताच्या मागे दाबून धरा. बोटं लाल दिसतात. टॉर्चचा उजेड पांढरा आहे, तरी पलीकडे पोचतो तो लालच, कारण निळा आणि हिरवा आपलं रक्त वाटेतच गिळून टाकतं. म्हणून फोटोफ्रिनसाठी ६३० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लाल लेझर वापरतात. पण हा लाल उजेडही मांसात फार दूर जात नाही. कामापुरता उजेड काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. जठराची भिंत तेवढीच काही मिलिमीटर जाड असते. कर्करोग आतल्या अस्तरात आणि त्याच्या लगतच्या थरात असेल तर दिवा पोचला. भिंत ओलांडून लसीकाग्रंथींत, यकृतात, पोटाच्या पडद्यावर गेला असेल तर कितीही भारी लेझर आणा, तो भिंतीच्या अलीकडेच राहतो.

दुसरी बाजूही पाहा. उजेडाने चेतलेला ऑक्सिजन एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढाही टिकत नाही आणि तेवढ्यात जेमतेम काही दहा-वीस नॅनोमीटर सरकतो. माणसाच्या केसाची जाडीच ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे हे विष जिथे तयार होतं तिथेच संपतं. केमोसारखं सगळ्या अंगभर फिरून केस गळवणं, रक्त कमी करणं, हे याच्या स्वभावात नाही. जिथे रंग आणि उजेड दोन्ही आहेत तेवढीच जागा जळते. जखम भरते तीही बऱ्यापैकी स्वच्छ, आणि तोच उपचार त्याच जागी पुन्हा करता येतो. रेडिएशनला ही सोय नाही.

उपचार होतो कसा? आधी औषध शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम. मग थांबायचं. जवळपास दोन दिवस. या काळात निरोगी पेशी औषध हळूहळू सोडून देतात, गाठीतल्या पेशी आणि तिथल्या गळक्या रक्तवाहिन्या ते धरून ठेवतात. हे धरणं शंभर टक्के नसतं, नुसता फरक असतो, आणि त्या फरकावरच सगळी मदार. चाळीस ते पन्नास तासांनी दुर्बीण तोंडावाटे आत जाते, तिच्यातून काचेचा केसासारखा तंतू पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला लाल उजेड लागतो. भाजत नाही, धूर होत नाही. अन्ननलिकेत एका जागेला साडेबारा मिनिटं उजेड देतात. पेशी मरायला त्यानंतर सुरुवात होते, मेलेला थर पुढच्या काही दिवसांत सुटतो.

आता या दुर्बिणीकडेच जरा पाहू, कारण ती नसती तर हा उपचार कागदावरच राहिला असता. १८६८ च्या सुमारास फ्रायबुर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळियाला बोलावून त्याच्या घशातून सरळ नळी पोटात घातली. खेळियाने नळी गिळली, डॉक्टरांनी डोळा लावला, आणि दिसलं जवळजवळ काहीच नाही. दिव्याचा उजेड तिथवर पोचेना. पुढली ऐंशी वर्षं सगळ्यांची खटपट उजेड आत नेण्याचीच होती. १९५० साली जपानमध्ये तात्सुओ उजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इवलासा बल्ब आणि फिल्म असलेला कॅमेराच पोटात उतरवला. १९५४ साली पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनहून ‘नेचर’मध्ये लिहिलं की काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं. ते वाचून बेसिल हिर्शोविट्झ हा तरुण डॉक्टर अमेरिकेतून लंडनला धावला, परत जाऊन सहकाऱ्यांबरोबर लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ साली पहिल्यांदा स्वतःच गिळली. ज्या तंतूतून पोटातलं चित्र बाहेर आलं, त्याच्याच धर्तीच्या तंतूतून पुढे लेझर आत गेला.

जपानने या दुर्बिणीचं सोनं केलं. तिथे पोटाचा कर्करोग घरोघरचा. १९६२ साली तिथल्या तज्ज्ञांनी ‘प्रारंभिक जठर-कर्करोग’ म्हणजे काय याची व्याख्या ठरवली: वरच्या दोन थरांतच असलेला. मग सरसकट तपासण्या करून तो त्याच अवस्थेत हुडकायला सुरुवात केली. अशा रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, हृदय कमजोर, वय फार, त्यांच्यासाठी पीडीटी हा खरोखर चांगला मार्ग ठरला.

आणि मग जपाननेच तो मागे टाकला. दुर्बिणीतून बारीक सुरी घालून कर्करोगाचा थर अखंड तासून काढण्याची पद्धत तिथे पक्की झाली. त्यात काढलेला तुकडा हातात येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कडा मोकळ्या आहेत का, मुळं किती खोल गेलीत, हे सांगता येतं. उजेडाने जाळलेल्या गाठीचा असा तुकडा उरतच नाही. खुनाचा पुरावा जाळून टाकल्यासारखं होतं. माझ्या मते या एका कारणाने पीडीटी पहिल्या रांगेतून गेली, आणि ते रास्तच झालं. आज जठरात तिचं काम उरलं आहे ते कोपऱ्यातलं: सुरीने काढता न येणारा वरवरचा डाग, आधीच्या उपचाराच्या व्रणात पुन्हा उगवलेली गाठ, किंवा वाट अडवून बसलेल्या गाठीतून अन्न जाण्यापुरता रस्ता.

या उपचाराबद्दल उत्साहाने बोलणाऱ्यांना जठराच्या शेजारची, पित्तनळीची गोष्ट आठवण करून द्यावी लागते. २००३ साली जर्मनीतून एक अभ्यास आला. ३९ रुग्ण, पित्तनळीचा न काढता येणारा कर्करोग. ज्यांना नुसती नळी म्हणजे स्टेंट घातली ते सरासरी ९८ दिवस जगले, ज्यांना स्टेंटबरोबर पीडीटी दिली ते ४९३ दिवस. एवढा फरक पडल्यावर अभ्यास मध्येच थांबवला गेला. जगभर आशा पालवल्या. मग ब्रिटनमध्ये ९२ रुग्णांवर तीच तुलना झाली आणि २०१८ साली निकाल छापला गेला. पीडीटी घेतलेले ६.२ महिने, न घेतलेले ९.८ महिने. उलटाच. पहिला अभ्यास खोटा नव्हता, लहान होता. ‘जर्मनीत एक लाइट थेरपी आहे’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

समजा हे औषध यवतमाळच्या रुग्णाला मिळालंच. पुढे काय? फोटोफ्रिन कातडीतून जायला किमान महिना लागतो, कुणाला दीड, कुणाला त्याहून जास्त. तोवर तो माणूस त्या बांड्या गाईच्या जागी. दाराबाहेरचं ऊन सोडा, खिडकीतून गादीवर पडणारी तिरीप नको, दंतवैद्याचा दिवा नको, शस्त्रक्रियेचा दिवा नको. नेहमीच्या सनक्रीमचा उपयोग नाही, कारण ती अतिनील किरण अडवते आणि इथे भाजतो तो डोळ्यांना दिसणारा उजेड. उपाय एकच, कापड. पूर्ण बाह्या, हातमोजे, गडद गॉगल, चेहऱ्याला गच्च दुपट्टा. विदर्भात दुपट्टा बांधायला कुणाला शिकवावं लागत नाही ही जमेची बाजू, पण ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, घरावर टिन आहे आणि टिनाला भोकं आहेत, तिथे हातमोजे घालून महिना काढायचा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे मिट्ट काळोखात बसायचंही नाही. घरातला साधा मंद उजेड कातडीतलं औषध हळूहळू मोडतो, म्हणून तो हवाच. महिन्याने परीक्षा घ्यायची: चेहरा सोडून अंगाचा एक छोटा भाग दहा मिनिटं उन्हात धरायचा आणि दिवसभर वाट पाहायची. लाली, सूज, फोड आला नाही तर हळूहळू बाहेर पडायचं. आला तर आणखी दोन आठवडे घरात.

ज्याचं पोट शेतावर आहे त्याला हा हिशोब औषधाच्या किमतीइतकाच महाग पडतो. नव्या औषधांनी तो कमी केला आहे. जपानमध्ये २००३ साली मान्य झालेलं टालापॉर्फिन अंगातून बरंच लवकर जातं आणि ६६४ नॅनोमीटरच्या, जरा जास्त खोल जाणाऱ्या उजेडाने चेततं. हे औषध वनस्पतींच्या क्लोरोफिलपासून निघालेलं, म्हणजे पुन्हा आपल्या गाईच्याच घराण्यातलं. आपल्या शेजारी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही पालकाच्या पानांतून क्लोरिन पी-६ नावाचा असाच रंग काढून हॅम्स्टरच्या गालातल्या कर्करोगावर प्रयोग झाले आहेत.

गालातला कर्करोग म्हटलं की आपण घरी आलो. पोटाचा कर्करोग जगात पाचव्या क्रमांकाचा आहे. २०२२ साली जगभरात त्याचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण आणि ६ लाख ६० हजार मृत्यू नोंदले गेले. भारतात वर्षाला साठ हजारांच्या घरात रुग्ण, त्यात मिझोराम सगळ्यात पुढे. तिथे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तुइबुर, पितात, खारवलेलं-धुरावलेलं मांस खातात. महाराष्ट्रात त्यामानाने हा आजार कमी. आपल्याकडे कर्करोग बसतो तो तोंडात, आणि विदर्भात त्याचं कारण प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मिळतं: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज थांबला नाही.

आणि तोंड ही उजेडाला सगळ्यात सोपी जागा आहे. दुर्बीण नको, भूल नको, ‘आ’ केलं की काम झालं. युरोपने २००१ साली डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी टेमोपॉर्फिन मान्य केलं. पण मला यवतमाळच्या दृष्टीने जास्त मोलाचं वाटतं ते अलिगढमध्ये झालेलं काम. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि बोस्टनच्या तय्यबा हसन, जोनाथन सेली यांच्या गटांनी मिळून तोंडाच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगाच्या सुमारे तीस रुग्णांवर एक स्वस्त पद्धत वापरून पाहिली. औषध प्यायचं असतं, ॲमिनोलेव्युलिनिक आम्ल. ते स्वतः रंग नाही. पेशी त्यापासून आपल्याच कारखान्यात रंग बनवतात, आणि तो काही दिवसांतच निघून जातो. महिनाभराचा वनवास टळतो. लेझरच्या जागी एलईडी, विजेच्या जागी बॅटरी, आणि गाठ किती चमकते हे पाहायला स्मार्टफोन. लेझरच्या खोलीला एसी लागतो, स्थिर वीज लागते, दुरुस्तीला परदेशी इंजिनियर लागतो. एलईडी आणि बॅटरी तर आता फवारणीच्या पंपावरसुद्धा असते. तीस रुग्णांचा अभ्यास लहान आहे, वर पित्तनळीची गोष्ट सांगितलीच आहे, पण दिशा आपल्या सोयीची आहे.

जठराकडे परत येऊ. तिथे उजेडाचा आणखी एक उपयोग लोकांनी करून पाहिला, आणि मला तो सगळ्यात चतुर वाटतो. पोटाच्या कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूपासून होते. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, पुढे २००५ साली रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल घेतलं. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला पक्क्या कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं. दाह वर्षानुवर्षं चालतो, अस्तर झिजतं, त्याचा पोत आतड्यासारखा होतो आणि कुणाकुणात शेवटी कर्करोग उगवतो. भारतात हा जंतू कोट्यवधींच्या पोटात आहे, तरी कर्करोग त्या मानाने थोडा. का, यावर तज्ज्ञ अजून भांडत आहेत.

तर हा जंतू स्वतःच पॉर्फिरिन बनवून अंगात साठवतो. म्हणजे त्याला वरून रंग द्यायचं कामच नाही, नुसता योग्य उजेड पाडायचा. अमेरिकेत १८ जणांच्या जठरात जांभळ्या उजेडाची कांडी उतरवून हे करून पाहिलं, २००९ साली निष्कर्ष आले. जठराच्या खालच्या भागातले ९७ टक्क्यांहून अधिक जंतू मेले. उजेड बंद केल्यावर काही दिवसांतच उरलेल्यांनी पुन्हा संसार थाटला. अस्तराच्या घड्यांत, जिथे सावली होती तिथे, ते वाचले असावेत. बांड्या गाईला वाचवणारी सावली इथे जंतूच्या कामी आली. त्यामुळे या जंतूवर आजही उपाय म्हणजे गोळ्यांचाच, दोन आठवड्यांचा, मधे न सोडता.

ओघात एक खुलासा. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर सूर्यकिरण चिकित्सेची पुस्तकं मिळतात, लाल-निळ्या बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवायला सांगतात. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. बाटलीतल्या पाण्यात उजेड साठत नाही. कर्करोग असताना त्या नादी लागून गेलेला महिना परत मिळत नाही.

महिन्यांचाच हा खेळ आहे. जठराचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. जेवणानंतर जरा फुगल्यासारखं, दोन घासांत पोट भरल्यासारखं, आंबट ढेकर. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे, गॅस. ‘डाक्टरसाहेब, बाकी काही नाही मले, फक्त गॅसची गोळी लिहून द्या,’ हे वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसाला किती वेळा म्हटलं जात असेल. गोळीने बरं वाटतंही. अडचण तीच आहे: आम्ल कमी करणाऱ्या गोळीने कर्करोगाच्या जखमेची जळजळसुद्धा काही काळ शमते आणि माणूस निर्धास्त होतो. पुढे वजन उतरतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं, रक्त कमी होतं. तेव्हा दुर्बीण टाकली जाते, आणि तोवर गाठ भिंतीच्या पलीकडे गेलेली असते. मग नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबई, मोठी शस्त्रक्रिया, केमो. अशा वेळी नातेवाईक लेझरबद्दल विचारतात. उत्तर द्यायला डॉक्टरांना जड जातं, कारण लेझर चालला असता तो वेळ केव्हाच गेलेला असतो.

दुर्बिणीची तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, नळी जाताना मळमळतं, आणि संपतं. चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर नव्याने सुरू झालेला ‘गॅस’ जर महिनाभर गोळ्या घेऊनही हटत नसेल, किंवा त्याच्याबरोबर वजन उतरत असेल, घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल, तर मेडिकलवाल्याकडे आणखी एक पाकीट मागू नका. डॉक्टरांना विचारा, ‘माझी दुर्बीण करायची का?’